पार्सलवरचा अंगठा

मंडळी, बसा सगळे. दाराशी उभे आहेत त्यांनी आत यावं, सतरंजीवर अजून जागा आहे. माझं बोलणं लवकर संपत नाही हे अख्ख्या रोह्याला ठाऊक आहे. उभ्याने पाय दुखले तर मग मला बोल लावू नका.

मला बोलता येत नाही असं मी म्हणणार नाही. येतं, जरा जास्तच येतं. पण आज ह्या फोटोकडे बघितलं आणि जीभ जड झाली. भावजी फोटोत हसतायत. मी नातीला विचारलं, "गो सुजाता, हा फोटो यांचाच ना? फोटोवाल्यासमोर यांनी जन्मात दात दाखवले नाहीत." ती म्हणाली, "आजी, तुम्हीच बाजूला होतात, तुम्हाला कापून काढलंय." आता पटलं. माझ्याशी बोलताना हसत असणार.

सगळे इथलेच नाहीत, म्हणून आधी कोण कोणाचं ते सांगते. मी तारा. गेले ते दामोदर, माझे धाकटे दीर. रेल्वेत इंजिनियर होते. गाडी चालवणारे नव्हेत, गाडीचे डबे विकत घ्यायचे त्या ऑफिसातले. ही पुढे बसलीय ती नलू, त्यांची बायको, माझी जाऊ. एका घरात, एका चुलीवर आम्ही आयुष्य काढलं. माझं माहेर हमरापूर, तिकडे पेणला. गणपती करणारं घर. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत बसवायच्या आधीच बापाने हातात ब्रश दिला.

माझ्या आधी त्यांच्या ऑफिसातले साहेब बोलले. सुंदर बोलले. 'निष्कलंक' म्हणाले. साहेब, रागावू नका, पण हाच शब्द मी मागे दुसऱ्या एका शोकसभेत ऐकला होता, आणि तो माणूस मला चांगला माहीत होता. तेव्हापासून हार घातलेल्या फोटोसमोरचे शब्द मी जरा उलटसुलट करून बघते. मला शब्द चालत नाहीत. साक्ष चालते. आज मी साक्ष द्यायला उभी आहे.

आणि एक. मला रडू येत नाही. म्हातारीला काळीज नाही म्हणाल. तसं नाही हो. ह्या माणसाची आठवण आली की मला आनंदच होतो, काय करू? लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा हे शाळेत होते. पहिल्याच दिवशी मी आमटी वाढली तर आधी वास घेतला, मग एक थेंब जिभेवर ठेवला, मग जेवले. सासूबाई ओरडल्या, "अरे, वहिनी हाय ती तुझी, वैरीण नाय!" मला मात्र बरं वाटलं. म्हटलं, ह्या घरात एक तरी माणूस माझ्या जातीचा आहे. संशयी!

हसा, हसा. त्यांना चाललं असतं.

कोळीण दारात आली की आम्ही दोघं एकदम बाहेर. ते कल्ले उघडून बघणार, मी पोट दाबून बघणार. कोळीण म्हणायची, "तुमच्या दारात मासा इकायचा म्हंजे पोलिसात जबानी द्यायची गो बाय!" पण बाकीच्या आळीत शिळा मासा गेला असेल, आमच्यात गेला नाही.

तर असा माणूस रेल्वेने डबे विकत घ्यायला बसवला. रेल्वेत कुणीतरी शहाणं असलं पाहिजे.

आता डबे विकत घेणं म्हणजे काय? आपण म्हणतो गाडी आली, गाडी गेली. डबा कुठून आला, कोण विचारतं? मीही विचारलं नसतं. पण आपल्या रोह्यापासून पुढे खाली कोकणात रूळ टाकायचं काम चालू होतं ना, त्या वर्षांत ओटीवर दुसरा विषयच नव्हता. भावजी सुट्टीला आले की सांगायचे आणि मी तांदूळ निवडता निवडता ऐकायची.

आधी म्हणे रेल्वे लिहून काढते, आम्हाला कसा डबा पाहिजे. किती माणसं बसतील, किती जोरात पळेल, दार कुठे, संडास कुठे. मग देशोदेशीच्या कंपन्या येतात. त्यांनी दोन पाकिटं द्यायची. एकात माल कसा करणार ते, दुसऱ्यात भाव. पहिलं पाकीट आधी फोडायचं. माल पसंत पडला तरच भावाचं पाकीट फोडायचं, नाहीतर ते तसंच परत. हे मला फार आवडलं. सोयरीक अशीच जमवावी. आधी मुलगा बघावा, मग त्याची जमीन.

मग इकडची माणसं तिकडे जातात, कारखाना बघायला. मग थोडे डबे तयार होऊन जहाजातून येतात. बाकीचे आपल्याच कारखान्यात करायचे, त्यांच्या नकाशावरून, त्यांची माणसं येऊन शिकवणार. मी म्हटलं, "मग बरंच की. एकदा शिकलं की सुटलो." तर भावजी बोट नाचवून म्हणाले, "वहिनी, डबा एकदाच विकत घ्यायचा असतो. त्याचा स्क्रू तीस वर्षं घ्यावा लागतो." म्हणजे सुटे भाग हो. ते त्यांच्याकडूनच. भाव पण त्यांचाच. गाय आपली, दावं आपलं, पण वैरण एकाच दुकानात मिळणार, असं ते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नमुना. नमुन्याचा डबा कंपनी कसा करते? धोंड्याच्या महिन्यात जावई आल्यासारखा. मी म्हटलं, "भावजी, हे तुम्ही मला सांगू नका, हे आमच्या घरचं आहे." हमरापूरला मुंबईचे व्यापारी यायचे. दर्शनी फळीवरची मूर्ती माझा बाप स्वतः रंगवायचा. डोळ्यांची आखणी अशी की गणपती आता पापणी मिटेल. व्यापारी ती बघून टेम्पोभर मूर्ती मागवायचा. आणि पेंढ्यात गुंडाळून जायच्या त्या? त्या माझ्या काकाने रंगवलेल्या. काकाला एका डोळ्याने कमी दिसायचं.

भावजी हसता हसता लवंडले. म्हणाले, "वहिनी, तिकडे पण असा एखादा काका असणारच. मला तोच शोधायचाय."

मग ते तिकडे जाऊन आले. त्या देशाचं नाव मला उच्चारता येत नाही आणि येत असतं तरी घेतलं नसतं. कंपनीने गालिचा घातलेला डबा दाखवला, जेवण दिलं. भावजींनी जेवण बाजूला सारलं, मागच्या रांगेत अर्धवट उभा असलेला डबा बोटाने दाखवला, आणि म्हणाले, तो बघतो. अंगातल्या कोटासकट त्याच्या खाली शिरले. पाठीवर आडवे. तिकडची माणसं बघतच राहिली.

परत आले तेव्हा मी ओटीवरच अडवलं. "सापडला का काका?"

"नाय सापडला, वहिनी. डबा चांगला हाय."

तोंड मात्र असं पाडलेलं, जसं काही चोर निसटला.

तरी त्यांचं म्हणणं एकच. एक डबा इथे आणा. आपल्या उन्हाळ्यात, आपल्या पावसात, आपल्या धुळीत एक वर्ष पळवा. आपली गर्दी दाराला लोंबू द्या. मगच बाकीचे मागवा. कंपनीला घाई होती. तिला सगळ्या डब्यांची ऑर्डर लगेच हवी होती. आणि भावजींचं मत त्यात लागत होतं.

त्या वर्षीचा गणपती आला.

आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. मूर्ती माझ्या माहेरची, रंग माझ्या भावाचा. दुपारी आरती झाली, मोदकांची पहिली पंगत उठली, आणि दारात एक गाडी थांबली. मुंबईची. त्यातून टाय लावलेला माणूस उतरला. त्या परदेशी कंपनीचा इकडचा एजंट. हातात चकचकीत कागदातलं, रिबीन बांधलेलं पार्सल. दोन्ही हातांनी धरलं होतं, म्हणजे जड होतं.

आता मला सांगा, गणपतीत दारात आलेल्या माणसाला कोण 'जा' म्हणेल? त्याला हे माहीत होतं, म्हणूनच तो दिवस निवडला. ऑफिसात भावजींनी त्याला खुर्ची दिली नसती. इथे पाट मिळाला, मोदक मिळाला, वर तूप मिळालं.

भावजी आत सोवळं सोडत होते. तो माणूस पार्सल घेऊन उभा. आणि आमची नलू, भोळी बाई, नारळ आणणाऱ्या प्रत्येकाला जे म्हणते तेच बोलली. "ठेवा ना देवापुढे."

त्याने ठेवलं.

नलू, मान वर कर. तुझी चूक नाही ती. कुणीही हेच म्हणालं असतं. पण पुढची पंचाईत मुंबईकराला समजणार नाही, तुम्हाला समजेल. देवापुढे ठेवलेलं परत उचलून देता येत नाही. नारळ असो, पेढे असोत, काही असो. ते त्याचं झालं. नंतर घरातली माणसं प्रसाद म्हणून घेतात. म्हणजे परत दिलं तर देवाचा अपमान, आणि ठेवून घेतलं तर? भावजी बाहेर आले, पार्सल बघितलं, नलूकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता.

पण तोंडातून शब्द काय निघाला? "उद्या विसर्जनाला या हं. नक्की या."

एजंटची कळी खुलली. काम झालं असं वाटलं त्याला. खरं सांगू? मलाही तेच वाटलं.

मी संशयी बाई. मी कोळणीवर संशय घेते, सोनारावर घेते, रेडिओवरच्या हवामानावर घेते. मग दिरावर का घेऊ नये? संध्याकाळभर भावजी आरतीला उभे, पण डोळे त्या पार्सलवर. दोनदा जवळ गेले. एकदा हात लावून मागे घेतला. मी मनात म्हटलं, दामोदर, तुझी आमटी आज मी हुंगणार.

आमच्या घरात गणपती आणताना बरोबर शाडूचा एक ओला गोळा असतोच. वाटेत मूर्तीचं बोटबीट दुखावलं तर लावायला. मी सुतळी घेतली, पार्सलवर उभी आडवी आवळली, गाठ मारली, गाठीवर शाडू थापला आणि त्यात हा अंगठा दाबला. हा बघा, उजवा. ह्याच्यावर आडवा व्रण आहे, विळीचा. माझ्या बापाची पण अशीच खूण होती. प्रत्येक मूर्तीच्या बैठकीखाली तो ओल्या मातीत अंगठा दाबायचा. माल कुठूनही परत आला की उलटा करून बघायचा, माझा की दुसऱ्याचा.

शाडू वाळला. आता गाठीला कुणी नख लावलं असतं तरी तुकडे पडले असते. मग मी तिथेच पदर डोक्यावर घेऊन देवाशेजारी आडवी झाले. नलू म्हणाली, "वहिनी, आत चला झोपायला." मी म्हटलं, "मला देवाचा सहवास पाहिजे." खोटं. मला पार्सलचा सहवास पाहिजे होता.

सकाळी भावजी आले. वाकून बघितलं.

"वहिनी, हा अंगठा कुणाचा?"

"माझा."

"माझ्यावर संशय?"

मी म्हटलं, "तुमच्यावर, नलूवर, त्या टायवाल्यावर, दूध घालायला येतो त्याच्यावर. तुमच्यावर जरा जास्त."

दुसरा कुणी असता तर वर्षभर अबोला धरला असता. हा माणूस हसायला लागला. एवढा हसला की डोळ्यांत पाणी. खाली बसला माझ्यासमोर. म्हणाला, "वहिनी, आम्ही पण पास केलेल्या चाकावर छाप मारतो. छाप मारणारा जितका संशयी, तितकं चाक भरवशाचं. आता मला कसलीच भीती नाय."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. दुपारी कळला.

एजंट आला. नवा टाय. उत्तरपूजा झाली. आरती झाली. भावजींनी गणपती डोक्यावर घेतला, आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, "तेवढं पार्सल घ्या."

"कुठे?"

"देवाबरोबर. त्याचं हाय ते. त्याचं सामान त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. तुम्हीच आणलंत, तुम्हीच पोचवा."

मंडळी, तुमच्यातल्या कितीजणांनी ते बघितलंय! पुढे ताशा, मागे गणपती, आणि त्याच्या मागे टाय लावलेला माणूस, अनवाणी, डोक्यावर चकचकीत पार्सल. कुणी मोठा साहेब आलाय असं समजून कुणीतरी त्याला गुलाल पण लावला! 'मोरया' म्हटलं की त्याला पण 'मोरया' म्हणावं लागत होतं. घाटावर भावजींनी मला पुढे बोलावलं, सगळ्यांदेखत. "वहिनी, अंगठा बघून घ्या." मी बघितला. वाळलेला, पण अख्खा. व्रण तसाच आडवा. मी मान हलवली. आणि कुंडलिका नदीत आधी गणपती गेला आणि त्याच्या मागोमाग पार्सल.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण आपण कोकणातली माणसं आहोत.

दोन-तीन दिवसांनी ओहोटीला तो चकचकीत कागद काठावर लागला. आणि पुठ्ठा. आत काही नाही. झालं! पाणवठ्यावर सुरू झालं. "काय गो तारे, पार्सल रिकामं व्हतं म्हणं?" "आतला माल कपाटात, आणि पुठ्ठा पाण्यात. दामू शिकलेला हाय, त्याचं डोकं इंजिनियरचं हाय!"

मी म्हटलं, अगो, जड असतं ते तळाला जातं, कागद वर येतो. मातीचा अंगठा पाण्यात विरघळतो. सुतळी सुटते. हे तुला मी सांगायला पाहिजे? पण ऐकायचं कुणाला असतं? शेजारची शांता तर आमच्या घरात आली की नलूच्या कपाटाकडेच बघायची. अजून बघते. शांता, तू इथे बसलीयस, मला दिसतेस.

भावजींना कळलं. मी तिरीमिरीत उठले, म्हटलं, चौकात जाऊन सांगते. त्यांनी अडवलं. "वहिनी, पास झालेलं चाक ओरडत नाय. ओरडलं तर समजावं काहीतरी ढिलं हाय." मग मी गप्प बसले. माझ्यासारखी गप्प बसली, म्हणजे बघा.

आणि ऑफिसात? भावजींनी आपलं मत लिहून दिलं. एक डबा आधी पळवा, मग बाकीचे. थोड्याच दिवसांत त्यांना दुसऱ्या टेबलावर बसवलं. का बसवलं हे मला ठाऊक नाही आणि जे ठाऊक नाही ते मी साक्षीत सांगणार नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत ते तिथेच. डबे नंतर कुणाच्या तरी सहीने आले. मी एकदा मुद्दाम विचारलं, "मग, ते डबे वाईट निघाले ना?" मला ते वाईटच निघायला हवे होते.

ते म्हणाले, "नाय हो वहिनी. डबे चांगलेच हायत."

"मग तुम्ही कशाला अडून बसलात?"

तेव्हा जे बोलले ते मी रोज आठवते. म्हणाले, "चांगल्या मालाबरोबर पार्सल कशाला लागतं? मासा ताजा असला तर कोळीण वर कोथिंबीर फुकट देते का? पार्सल आलं नसतं तर मी कदाचित सही केली पण असती. पार्सल बघितलं आणि म्हटलं, आता एक पाऊस तरी बघायलाच पाहिजे."

मंडळी, मी दुसरी शिकले. टेंडरातलं मला काही कळत नाही. पण हे कळलं.

आता मी आज का बोलतेय? भावजींनी अडवलं होतं ना? हो. पण दहाव्याला घाटावर काय झालं ते तुम्ही बघितलंत. पिंड मांडला आणि कावळा येईना. झाडावर बसलेले, पण खाली एक उतरेना. पाठीमागे कुजबूज सुरू. "पार्सलचं अडलं असंल." नलूने ते ऐकलं. माझ्या शेजारीच उभी होती ती. त्या बाईने नवरा गमावलाय, आणि तिच्या कानात काय पडतंय? माल कपाटात!

तेव्हा मी पुढे झाले आणि मोठ्याने म्हटलं, "भावजी, चाक ओरडत नाय म्हणालात. पण छाप मारणारी ओरडू शकते की नाय? मी सांगते सगळ्यांना." आणि कावळा शिवला. आता खरं सांगते, मला त्या कावळ्याचाही संशय आहे. त्याला भूकच लागली असेल. पण शब्द तर मी दिला होता.

म्हणून ही साक्ष. पार्सल आलं तेव्हापासून पाण्यात जाईपर्यंत माझ्या नजरेखाली होतं. त्यावर माझा अंगठा होता. तो अख्खा होता. मी दिरावर विश्वास ठेवला म्हणून हे सांगत नाही. विश्वास ठेवला नाही, म्हणून सांगते. भोळ्या बाईची साक्ष तुम्ही उडवून लावाल. माझी उडवून दाखवा.

अजून एक बाकी आहे.

बाहेर ओटीवर, चपलांच्या शेजारी, एक मोठं पुष्पचक्र आहे. येताना बघितलंत ना? सुजाताने रिबिनीवरचं इंग्रजी वाचून सांगितलं. त्याच कंपनीचं नाव आहे. ते आणणारा माणूस आत आणत होता, मी दारातच हात आडवा घातला. 'ठेवा ना देवापुढे' आमच्या घरात एकदा म्हणून झालंय. पुन्हा नाही.

तो माणूस मागे बसलाय. अगदी शेवटी, खांबाजवळ. आज टाय नाही, केस पिकलेत. पण मी ओळखलं. बसा हो, उठू नका. घाबरू नका. चहा घेतल्याशिवाय तुम्हाला कुणी सोडणार नाही. मला तुमच्याकडून काय होतं त्यात हे ऐकायचं नाही. ऐकायचं असतं तर त्याच दिवशी गाठ सोडली असती. मला एकच सांगा, सगळ्यांदेखत. तुम्ही ते मुंबईहून आणलंत, दोन्ही हातांनी धरून. आणि दुसऱ्या दिवशी घाटापर्यंत डोक्यावरून नेलंत. जड तेवढंच होतं का?

काय? मोठ्याने बोला. नलूला ऐकू गेलं पाहिजे.

"तेवढंच होतं, मावशी. मान दुखली होती माझी."

ऐकलंस, नलू? शांता, ऐकलंस? मान दुखली होती म्हणतो. रिकाम्या पुठ्ठ्याने मान दुखत नाही.

आता एजंटच्या शब्दावर मी विश्वास ठेवते असं समजू नका. माझा विश्वास माझ्या अंगठ्यावर. पण त्याने आज इथवर येऊन, एवढ्या लोकांत तोंड उघडलं, हे मी बघितलं. आणखी काय म्हणताय? चक्र कंपनीने नाही पाठवलं? तुम्हीच आणलंत, स्वतःच्या मनाने, फक्त नाव त्यांचं? ... बरं. मग ते आत आणा. तुमच्याच हातांनी, फोटोजवळ. सुजाता, जरा बघून घे गो, फुलंच आहेत ना नुसती? खाली हात घालून बघ. हसताय काय? भावजी असते तर त्यांनीही बघितलं असतं.

फुलंच आहेत? ठेवू दे मग.

भावजी, तुमच्या माघारी आतल्या खोलीतलं कपाट नलू आज उघडं टाकून आलीय. ज्याला बघायचं त्याने आत जाऊन बघावं. आत तुमचा कोट आहे, तोच. पाठीवर त्या डब्याखालचं काळं ऑईल अजून तसंच आहे. धुतलं तरी गेलं नाही. परदेशातून तुम्ही आणलेला तेवढाच एक माल.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं गप्प राहू या, त्यांच्यासाठी. ताशा नको, कुजबूज नको, शांता, तू पण नको. डोळे मिटा आणि आपापल्या मनातला दामोदर आठवा.

मी मिटणार नाही. एकीचे तरी उघडे हवेत.

झोपा तुम्ही निवांत, भावजी. मी बसलेय इथे, देवाशेजारी.